ॲनलॉग सर्किटची मापे संगणकाने ठरवावीत का, आणि ठरवायची तर कशी

तुमचा प्रश्न मी जसा समजलो तसा आधी मांडतो. एम.टेक.च्या प्रकल्पासाठी तुम्हाला १८० नॅनोमीटर सीमॉस या चिप बनवण्याच्या प्रक्रियेत, १.८ व्होल्ट पुरवठ्यावर चालणारा दोन टप्प्यांचा ऑप-ॲम्प (दोन व्होल्टेजमधला फरक अनेक पटींनी वाढवणारे सर्किट) बनवायचा आहे. सर्किटची रचना ठरलेली आहे, पण ट्रान्झिस्टरांची रुंदी आणि लांबी बदलत सिम्युलेशन चालवण्यात दोन महिने गेले, आणि एक अट पुरी झाली की दुसरी मोडते. जेनेटिक अल्गोरिदम किंवा मशीन लर्निंग वापरून हे काम संगणकाकडे सोपवता येईल का, उद्योगात खरोखर तसे करतात का, आणि करत असतील तर अभियंत्याकडे नेमके कोणते काम राहते, असे तुम्ही विचारले आहे.

संगणकाकडे हे काम सोपवता येते, उद्योगात ते सोपवले जाते, आणि मी स्वतः वीसहून अधिक वर्षांच्या कामात ते अनेकदा सोपवले आहे. परंतु ज्यांचे असे प्रयत्न फसले त्यांपैकी बहुतेकांची चूक अल्गोरिदम निवडण्यात झालेली नव्हती, असा माझा अनुभव आहे. त्यांनी संगणकाला विचारलेला प्रश्नच अपुरा होता. त्यामुळे या उत्तराचा मोठा भाग प्रश्न कसा लिहावा याविषयी आहे आणि अल्गोरिदमला त्यात तुलनेने थोडी जागा मिळाली आहे.

डिजिटल चिपमध्ये लाखो गेट संगणक आपोआप बसवतो, मग आठ-दहा ट्रान्झिस्टरांच्या ॲनलॉग सर्किटसाठी माणूस का लागतो, ही शंका स्वाभाविक आहे. डिजिटल गेटचे काम शून्य किंवा एक एवढेच असते, त्याची मापे एका तयार संग्रहात आधीच ठरवून ठेवलेली असतात आणि वेग, वीज व क्षेत्रफळ एवढ्याच गोष्टी मुख्यतः पाहाव्या लागतात. ॲनलॉगमध्ये प्रत्येक ट्रान्झिस्टरची रुंदी, लांबी आणि त्यातून वाहणारा प्रवाह यांचा परिणाम जवळजवळ प्रत्येक गुणधर्मावर होतो. लोड म्हणून वापरलेल्या ट्रान्झिस्टरची लांबी वाढवली की गेन (सिग्नल किती पटींनी वाढतो ते) वाढतो आणि फ्लिकर नॉइज (कमी वारंवारतेवरचा गोंगाट) घटतो, पण त्याच्या गेटची कपॅसिटन्स वाढून करंट मिररच्या, म्हणजे प्रवाहाची नक्कल करणाऱ्या आरशाच्या, नोडवरचा पोल (ज्या वारंवारतेपासून गेन घसरू लागतो ती) खाली येतो व फेज मार्जिन (सर्किट आपोआप आंदोलित होण्यापासून किती दूर आहे याचे माप) कमी होतो. त्याच ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स (गेटचे व्होल्टेज बदलले की प्रवाह किती बदलतो ते) कमी ठेवला तर थर्मल नॉइज आणि ऑफसेट (दोन्ही इनपुट समान असतानाही उरणारी चूक) सुधारतात, पण त्याला संपृक्त अवस्थेत, म्हणजे नीट वर्धन करता येईल अशा अवस्थेत, राहण्यासाठी अधिक व्होल्टेज द्यावे लागते आणि १.८ व्होल्टमध्ये ते द्यायला जागा नसते. तुमची एक अट पुरी होताच दुसरी मोडते ती याच गुंत्यामुळे. त्यात तुमचे काही चुकलेले नाही.

सर्व शक्यता तपासून पाहणे का अशक्य आहे, हेही आकड्यांनी समजून घ्यावे. जोडीचे ट्रान्झिस्टर समान धरले तरी तुमच्या सर्किटमध्ये सुमारे १२ स्वतंत्र चले उरतात: रुंद्या, लांब्या, बायस प्रवाह, मिलर कपॅसिटर (दुसऱ्या टप्प्याच्या इनपुट व आउटपुटमध्ये बसवलेला, सर्किट स्थिर ठेवणारा) आणि त्याच्या रांगेतला रेझिस्टर. प्रत्येकाला फक्त २० किमती दिल्या तर २० चा १२ वा घात, म्हणजे ४ वर १५ शून्ये एवढ्या जुळण्या होतात. एका जुळणीला २ सेकंद लागले तरी सर्व तपासायला २५ कोटींहून अधिक वर्षे लागतील. म्हणून शोध हुशारीने घ्यावा लागतो, आणि ही हुशारी कोठून आणायची हा या विषयाचा जुना वाद आहे.

त्या वादाचा इतिहास थोडा सांगतो, कारण आज नव्या नावाने येणाऱ्या बऱ्याच कल्पना त्यात आधीच भेटतात. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॅरी नेगल यांनी डोनाल्ड पेडरसन यांच्या मार्गदर्शनाखाली लिहिलेला स्पाइस हा सिम्युलेटर १९७३ मध्ये जगासमोर आला. आजही आपण वापरतो ते बहुतेक सिम्युलेटर त्याच घराण्यातले आहेत. पण स्पाइस फक्त दिलेल्या सर्किटचे वर्तन सांगतो. सर्किट कसे बदलावे हे तो सांगत नाही. ते सांगण्याचे प्रयत्न १९८० च्या दशकात दोन वाटांनी झाले. पहिली वाट जाणकाराचे ज्ञान प्रोग्रॅममध्ये उतरवण्याची होती. स्वित्झर्लंडमधील सीएसईएम संस्थेतला आयडॅक आणि कार्नेगी मेलन विद्यापीठातला ओएसिस हे प्रोग्रॅम या वाटेने गेले. अनुभवी अभियंता कोणत्या क्रमाने काय ठरवतो ती योजना त्यांत लिहिलेली असे आणि उत्तर क्षणात मिळे. अडचण अशी होती की एका सर्किटची योजना लिहून पारखायला तेच सर्किट हाताने बनवण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागे, आणि प्रक्रिया किंवा रचना बदलली की ती पुन्हा लिहावी लागे. दुसरी वाट स्पाइसलाच शोधाच्या फेऱ्यात बसवण्याची होती. बर्कलीचाच डिलाइट-स्पाइस (१९८८) हे तिचे ठळक उदाहरण आहे. १९८३ मध्ये आयबीएमच्या संशोधकांनी सिम्युलेटेड ॲनीलिंग ही, अधूनमधून वाईट पाऊलही स्वीकारत पुढे जाणारी, पद्धत मांडल्यानंतर, चांगल्या सुरुवातीवर फार अवलंबून न राहता शोध घेणे शक्य झाले, आणि कार्नेगी मेलनच्याच गटाने पुढे तिचा उपयोग ॲनलॉग सर्किटसाठी मोठ्या प्रमाणावर केला. त्या परंपरेतून निघालेली निओलिनिअर ही कंपनी २००४ मध्ये चिप-डिझाइनचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडन्सने विकत घेतली.

तिसरी एक वाट गणिताच्या दृष्टीने मला सर्वांत सुंदर वाटते. स्टॅनफर्डमध्ये मारिया देल मार हर्शेन्सन, स्टीफन बॉइड आणि थॉमस ली यांनी दाखवून दिले की सीमॉस ऑप-ॲम्पच्या जवळजवळ सर्व अटी एका विशिष्ट साच्यात लिहिता येतात. चलांचे घात घेऊन, त्यांचे गुणाकार करून आणि धन सहगुणकांनी त्यांची बेरीज करून जी पदावली बनते, तिच्यात अटी बसल्या की लॉगॅरिदम घेऊन पूर्ण प्रश्न उत्तल म्हणजे कॉन्व्हेक्स होतो. मग सर्वांत चांगले उत्तर क्षणात मिळते आणि ते खरोखर सर्वांत चांगले असल्याची खात्रीही मिळते. एवढेच नव्हे, अटी परस्परविरोधी असतील तर उत्तर अस्तित्वातच नाही हेही सिद्ध होऊन मिळते. ‘हे जमणार नाही’ असे ठामपणे सांगणाऱ्या साधनाची किंमत दोन महिने चाचपडलेल्या माणसाला नक्की कळेल. या पद्धतीचा कमकुवतपणा मॉडेलमध्ये आहे. लहान लांबीच्या ट्रान्झिस्टरचे वर्तन त्या साच्यात नीट बसत नाही, आणि बसवलेल्या सूत्राचे सर्वोत्तम उत्तर हे खऱ्या ट्रान्झिस्टरचे सर्वोत्तम उत्तर असेलच असे नाही. तरीही सुरुवातीचा बिंदू मिळवण्यासाठी आणि कोणती अट किती महाग पडते हे समजण्यासाठी ही पद्धत शिकून घ्यावी, असे मी आवर्जून सुचवतो.

आता तुमच्या ऑप-ॲम्पकडे येतो. संगणक सुरू करण्यापूर्वी एक पान कागदावर गणित करा. समजा, लोड ५ पिकोफॅरड आहे, युनिटी-गेन बँडविड्थ (गेन एकवर येतो ती वारंवारता) २० मेगाहर्ट्झ हवी आहे, स्लू रेट (आउटपुट बदलण्याचा कमाल वेग) प्रति मायक्रोसेकंद २० व्होल्ट आणि फेज मार्जिन ६० अंश हवा आहे. मिलर कपॅसिटर १.५ पिकोफॅरड धरू. बँडविड्थ म्हणजे पहिल्या टप्प्याचा ट्रान्सकंडक्टन्स भागिले दोन पाय गुणिले हा कपॅसिटर, म्हणून तो ट्रान्सकंडक्टन्स सुमारे १८८ मायक्रोसीमेन्स हवा. स्लू रेटसाठी शेपटीचा, म्हणजे इनपुटच्या जोडीला मिळून पुरवला जाणारा, प्रवाह ३० मायक्रोॲम्पिअर लागतो, म्हणजे इनपुटच्या प्रत्येक ट्रान्झिस्टरला १५. भागाकार केला की ट्रान्सकंडक्टन्स आणि प्रवाहाचे गुणोत्तर प्रति व्होल्ट साधारण १२.५ येते. हे मध्यम इन्व्हर्शनमध्ये (ट्रान्झिस्टर ना अगदी मंद, ना पूर्ण जोरात चालू असतो त्या अवस्थेत) आरामात मिळते, त्यामुळे या दोन अटींचा परस्परांशी झगडा नाही. हे गुणोत्तर ४० आले असते तर ते खोलीच्या तापमानाला कोणत्याच मॉसफेटला शक्य नाही हे तेथेच कळले असते आणि संगणकाचा एक आठवडा वाचला असता. दुसरा पोल बँडविड्थच्या २.२ पट दूर ठेवायचा, तर दुसऱ्या टप्प्याचा ट्रान्सकंडक्टन्स सुमारे १.४ मिलिसीमेन्स हवा, आणि त्याच्यासाठी गुणोत्तर १२ धरले तर प्रवाह ११५ मायक्रोॲम्पिअरच्या आसपास येतो. म्हणजे एकूण वीज पाव मिलिवॅटपेक्षा थोडी अधिक लागणार, आणि तिचा बराच मोठा वाटा दुसऱ्या टप्प्याचा असणार. पुढे ऑप्टिमायझरने, म्हणजे मापे आपोआप शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, ६० मायक्रोॲम्पिअरमध्ये सर्व अटी पुऱ्या केल्याचे दाखवले, तर आनंदित होण्याआधी त्याने हे कसे साधले याचा शोध घ्यायचा, हे या पानामुळे तुम्हाला आधीच माहीत असेल.

याच गणिताचा दुसरा उपयोग चले निवडण्यात होतो. बहुतेक नवखे लोक ऑप्टिमायझरला रुंदी आणि लांबी थेट देतात. तसे केले की शोधाच्या जागेचा फार मोठा भाग निरुपयोगी असतो: कोठे ट्रान्झिस्टर बंद, कोठे संपृक्त अवस्थेबाहेर, कोठे दोन प्रवाह एकमेकांशी जुळतच नाहीत. त्याऐवजी प्रत्येक ट्रान्झिस्टरसाठी प्रवाह, लांबी आणि ट्रान्सकंडक्टन्स-प्रवाह गुणोत्तर ही चले द्या, आणि रुंदी त्यांवरून आधी तयार केलेल्या तक्त्यातून काढा. सिल्व्हेरा, फ्लांद्र आणि जेस्पर्स यांनी १९९६ मध्ये मांडलेली ही पद्धत आज जगभर शिकवली जाते. या गुणोत्तराला ५ ते २५ अशी मर्यादा घातली की प्रत्येक उमेदवार निदान चालणारे सर्किट असण्याची शक्यता खूप वाढते आणि गुणधर्मही या चलांबरोबर हळुवार बदलतात. माझ्या कामात केवळ चलांच्या या बदलामुळे लागणारी सिम्युलेशने अनेक पटींनी घटलेली मी पाहिली आहेत. अल्गोरिदम बदलून एवढा फरक मला क्वचितच मिळाला.

यानंतर उद्दिष्ट कसे लिहावे हा प्रश्न येतो. सर्व गुणधर्मांची वजने ठरवून एकच बेरीज करण्याची पद्धत पुस्तकांत दिसते, पण ती जपून वापरावी. गेन ६० डेसिबलच्या अटीऐवजी ९० आला म्हणून फेज मार्जिनमधली तूट भरून निघत नाही, आणि साध्या बेरजेत नेमके तेच घडते. प्रत्येक अट पुरी होईपर्यंत तिची तूट मोजावी, ती अटीच्या किमतीने भागून सर्वांना एका मापावर आणावे, आणि अट पुरी झाली की तिचे गुण तेथेच थांबवावेत. सर्व अटी पुऱ्या झाल्यावरच वीज किंवा क्षेत्रफळ कमी करण्याचे उद्दिष्ट लागू करावे. प्रत्येक ट्रान्झिस्टर संपृक्त अवस्थेच्या सीमेपासून किती आत आहे, हीसुद्धा लेखी अट असावी. अनुभवी अभियंता ते न सांगता पाहतो, संगणक सांगितल्याशिवाय पाहत नाही. तपासणीचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी डीसी बिंदू, म्हणजे सिग्नल नसतानाचे स्थिर व्होल्टेज आणि प्रवाह, पाहावा. तो मुळातच बिघडलेला असेल तर एसी (वारंवारतेनुसार) आणि ट्रान्झियंट (वेळेनुसार) विश्लेषण चालवू नये. यामुळे वेळेची मोठी बचत होते.

आता ज्या भागासाठी मी हे उत्तर इतके सविस्तर लिहितो आहे, त्याकडे वळतो. ऑप्टिमायझर तुमच्या अटींमधली प्रत्येक फट शोधतो. त्याला सर्किट कळत नाही, फक्त तुम्ही मोजलेले आकडे कळतात, आणि ते आकडे सुधारण्याचा जो मार्ग सर्वांत स्वस्त असेल तो तो घेतो. तुमच्याच सर्किटमधले उदाहरण घ्या. मिलर कपॅसिटरच्या रांगेतला रेझिस्टर वाढवला की सर्किटचा ‘शून्य’ (पोलचा परिणाम उलटवू शकणारी वारंवारता) गणिताच्या प्रतलावर डाव्या बाजूला येतो आणि दुसऱ्या पोलला झाकून टाकू शकतो. ऑप्टिमायझरला हे लगेच सापडते. तो दुसऱ्या टप्प्याचा प्रवाह निम्मा करतो, खाली आलेल्या पोलवर शून्य बरोबर नेऊन ठेवतो आणि ६० अंश फेज मार्जिन दाखवतो. आकडा खरा असतो, पण तो एका रेझिस्टरच्या अचूकतेवर उभा असतो. चिपवरील पॉलिसिलिकॉनच्या रेझिस्टरची किंमत प्रक्रियेनुसार १५ ते २० टक्के इकडेतिकडे होऊ शकते, आणि ट्रान्झिस्टरचा ट्रान्सकंडक्टन्स तापमानाबरोबर त्याच दिशेने बदलत नाही. त्यामुळे कॉर्नरमध्ये, म्हणजे प्रक्रिया, तापमान आणि पुरवठा यांच्या टोकाच्या स्थितींत, ही जुळणी मोडते. शिवाय न जुळलेले पोल आणि शून्य एकमेकांजवळ राहिले की आउटपुट अखेरच्या किमतीजवळ पोहोचायला रेंगाळते, आणि ते फेज मार्जिनच्या आकड्यात कधीच दिसत नाही. म्हणून सेटलिंगचा वेळ ट्रान्झियंटमध्ये मोजणे आणि रेझिस्टरचे दोन्ही टोकाचे कॉर्नर अटींमध्ये घालणे आवश्यक आहे.

फेज मार्जिनच्याच मोजमापात आणखी दोन फटी आहेत. आलेख युनिटीला पहिल्यांदा छेदतो तेथेच मोजले, तर पुढे तो उसळून पुन्हा वर आला तरी कळत नाही. म्हणून गेन मार्जिनही मागावा. आणि गेन मुळातच युनिटीपेक्षा कमी असेल तर छेदनबिंदूच नसतो, सिम्युलेटर मोजमाप अयशस्वी झाल्याचे कळवतो आणि निष्काळजीपणे लिहिलेला प्रोग्रॅम त्या रिकाम्या जागी शून्य तूट धरतो. मग शोध वेगाने मृत सर्किटांकडे धावतो. मोजमाप न झालेल्या उमेदवाराला नेहमी मोठा दंड असावा.

माझ्या स्वतःच्या कामातला एक प्रसंग सांगतो. पूर्वी मी ज्या ठिकाणी काम करत होतो तेथे एका बँडगॅप संदर्भ-व्होल्टेज सर्किटची (तापमानाने फारसे न बदलणारे व्होल्टेज देणाऱ्या सर्किटची) वीज कमी करण्यासाठी आम्ही ऑप्टिमायझर लावला. बँडगॅपला दोन स्थिर अवस्था असतात, एक काम करणारी आणि एक शून्य प्रवाहाची. शून्य अवस्थेतून बाहेर ढकलण्यासाठी वेगळी स्टार्ट-अप शाखा लागते. आमच्या चाचण्यांमध्ये डीसी विश्लेषण होते, आणि सिम्युलेटर दरवेळी काम करणारी अवस्थाच शोधून देत होता. स्टार्ट-अप शाखा ऑप्टिमायझरच्या हिशेबात निव्वळ खर्च होती, म्हणून त्याने ती जवळजवळ नाहीशी होईपर्यंत बारीक केली. निकाल पाहताना माझी नजर अचूकतेवर आणि विजेवर होती. त्या शाखेच्या रुंदीकडे मी पाहिले नाही. चिप तयार होऊन आली तेव्हा उणे ४० अंशांना काही नमुने चालूच होईनात. चूक माझी होती. चाचण्या मी लिहिल्या होत्या, आणि शून्यापासून पुरवठा हळू व जलद चढवून सर्व कॉर्नरमध्ये सर्किट जागे होते का, हे मी विचारलेच नव्हते. तेव्हापासून शोध सुरू करण्यापूर्वी सर्किटमधल्या प्रत्येक भागापुढे, ‘हा भाग काढून टाकला तर माझी कोणती चाचणी नापास होईल?’ हा प्रश्न मी कागदावर लिहितो. उत्तर सापडले नाही, तर तो भाग ऑप्टिमायझर खाऊन टाकणार हे ठरलेले असते.

अल्गोरिदमविषयी तुम्ही बरेच विचारले आहे, पण तेथे माझे मत साधे आहे. १० ते २० चले असतील आणि एक तपासणी काही सेकंदांत होत असेल, तर १९९७ मध्ये स्टॉर्न आणि प्राइस यांनी मांडलेली डिफरन्शियल इव्होल्यूशन किंवा सीएमए-ईएस या उत्क्रांतीच्या धर्तीवर शोध घेणाऱ्या पद्धतींपैकी काहीही पुरते; दोन्हींच्या तयार लायब्ररी पायथनमध्ये मिळतात. एक तपासणी तासभर घेत असेल, उदाहरणार्थ फेज-लॉक्ड लूप किंवा डेटा कन्व्हर्टरची, तर बेझियन ऑप्टिमायझेशन योग्य ठरते, कारण ते आतापर्यंतच्या निकालांवरून एक अंदाजी पृष्ठभाग तयार करते आणि पुढचे सिम्युलेशन कोठे केल्यास सर्वाधिक माहिती मिळेल हे ठरवते. वीज आणि नॉइज यांच्यातली देवाणघेवाण पाहायची असेल, तर आयआयटी कानपूरमध्ये कल्याणमॉय देब आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेली, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेली एनएसजीए-२ ही पद्धत वापरावी. ती एका उत्तराऐवजी उत्तरांची संपूर्ण सीमारेषा देते. माझ्या दृष्टीने ही सीमारेषा एकट्या सर्वोत्तम बिंदूपेक्षा जास्त उपयोगी असते, कारण आणखी अर्धा डेसिबल नॉइज कमी करायला किती मायक्रोॲम्पिअर मोजावे लागतील हे तिच्यावरून सिस्टिम बनवणाऱ्या सहकाऱ्याला दाखवता येते. रीइन्फोर्समेंट लर्निंगवर (चुका करत, गुण मिळवत शिकण्याच्या पद्धतीवर) बर्कलीतला ऑटोसीकेटी हा २०२० चा प्रयोग वाचण्यासारखा आहे. तेच सर्किट वेगवेगळ्या अटींसाठी पुन्हापुन्हा बनवायचे असेल तर शिकवणीचा खर्च वसूल होतो. तुमच्यासारखे एकच सर्किट एकदाच बनवायचे असेल तर होत नाही.

कॉर्नर आणि मिसमॅच (समान ट्रान्झिस्टरांमधला फरक) यांचा हिशेब मात्र टाळता येत नाही. प्रक्रियेचे ५, तापमानाचे ३ आणि पुरवठ्याचे ३ असे धरले तर ४५ कॉर्नर होतात. प्रत्येकी २ सेकंद आणि ५,००० उमेदवार धरले तर १२५ तास लागतात. २० सिम्युलेशने समांतर चालवता आली तर सहा-सव्वासहा तास. व्यवहारात सर्व कॉर्नर दरवेळी चालवत नाहीत. प्रथम साध्या कॉर्नरमध्ये उत्तर शोधतात, मग त्या उत्तराला सर्वाधिक त्रास देणारे चार-पाच कॉर्नर निवडून त्यांवर शोध पुढे नेतात आणि शेवटी सर्व ४५ तपासतात. शोध पुढे सरकला की त्रास देणारे कॉर्नर बदलतात, म्हणून ही निवड मधूनमधून पुन्हा करावी लागते.

शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन समान ट्रान्झिस्टरांमधला फरक हा वेगळा विषय आहे. फिलिप्समधील मार्सेल पेलग्रोम आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवले की थ्रेशोल्ड व्होल्टेजमधल्या फरकाचे प्रमाण विचलन क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. तुमच्या प्रक्रियेत त्याचा स्थिरांक ४ मिलिव्होल्ट-मायक्रोमीटर धरला आणि इनपुट ट्रान्झिस्टर २० बाय अर्धा मायक्रोमीटर असेल, तर क्षेत्रफळ १० चौरस मायक्रोमीटर आणि विचलन सुमारे १.३ मिलिव्होल्ट येते. ते निम्मे करायचे तर क्षेत्रफळ चौपट करावे लागते. हे सूत्र इतके विश्वासार्ह आहे की शोधाच्या फेऱ्यात प्रत्येक उमेदवारासाठी मॉन्टे कार्लो (यादृच्छिक फरक घालून पुन्हापुन्हा केलेले सिम्युलेशन) चालवण्याची गरज नसते. ऑफसेटची अट सूत्रानेच घाला आणि शेवटच्या दोन-तीन उमेदवारांवर २०० ते ५०० नमुन्यांचे मॉन्टे कार्लो करा. मेमरीच्या पेशीसारख्या कोट्यवधी वेळा छापल्या जाणाऱ्या सर्किटला सहा सिग्मापर्यंतची (सहा प्रमाण विचलनांपर्यंतची) खात्री लागते, तेथे साधे मॉन्टे कार्लो पुरतच नाही आणि म्युनिकच्या मुनेडा किंवा पुढे सीमेन्सने घेतलेल्या कॅनडातील सोलिडो यांसारख्या कंपन्यांची साधने कामी येतात. तुम्हाला ती लागणार नाहीत.

लेआउटविषयी, म्हणजे चिपवरच्या प्रत्यक्ष आराखड्याविषयी, एक सूचना पुरेशी आहे. मापे ठरताना तारांची कपॅसिटन्स अंदाजाने आधीच प्रत्येक नोडवर घाला, आणि रुंदी ही नेहमी एकाच प्रमाणित बोटाच्या (ट्रान्झिस्टरच्या समांतर पट्टीच्या) पूर्ण पटीत मागा, ७.३१ मायक्रोमीटर रुंदीचा ट्रान्झिस्टर आरशात नीट जुळत नाही. लेआउट आपोआप करण्याच्या प्रयत्नांत मिनेसोटा विद्यापीठातील अलाइन आणि टेक्सास विद्यापीठाच्या ऑस्टिनमधील मॅजिकल हे दोन प्रकल्प खुले आहेत. अलाइनचे नेतृत्व करणारे सचिन सापटणेकर हे आयआयटी मुंबईचे पदवीधर आहेत. त्यांचे निबंध वाचा, समरूप जोड्या ओळखण्याचा प्रश्न त्यांतून चांगला समजतो.

सॉफ्टवेअरचे परवाने मिळणे कठीण असेल तर खर्चाशिवाय हे सर्व करता येते. गूगल आणि स्कायवॉटर यांनी २०२० मध्ये खुले केलेले १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे मॉडेल १.८ व्होल्टवरच चालतात, त्यांच्यासाठी एनजीस्पाइस हा खुला सिम्युलेटर पुरतो, आणि आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पातील ईसिम हे एनजीस्पाइसवर उभे असलेले साधन अनेक महाविद्यालयांत आधीपासून वापरात आहे. पायथनच्या छोट्या प्रोग्रॅमने मापे फाइलमध्ये लिहायची, एनजीस्पाइस चालवायचा, निकाल वाचायचा आणि डिफरन्शियल इव्होल्यूशनला परत द्यायचा, हे आठवडाभराचे काम आहे. ६० उमेदवारांची पिढी आणि अशा ८० ते १०० पिढ्या एवढ्यावर तुमचे १२ चलांचे सर्किट स्थिरावले पाहिजे. स्थिरावले नाही तर पिढ्या वाढवण्याआधी अटी तपासा. वेगवेगळ्या यादृच्छिक बीजांनी शोध तीनदा चालवा. तिन्ही वेळा जवळपास तीच वीज आणि तीच मापे आली तर उत्तर भरवशाचे आहे, तीच वीज पण अगदी वेगळी मापे आली तर काही चलांचा परिणामच होत नाही असे समजून ती स्थिर करा.

उत्तर हाती आले की प्रत्येक ट्रान्झिस्टरचे ट्रान्सकंडक्टन्स-प्रवाह गुणोत्तर तुमच्या कागदावरच्या पानाशेजारी लिहा. जेथे फरक असेल तेथे कारण शोधा. कधी कारण फट असते आणि एक नवी चाचणी लिहावी लागते. कधी मात्र संगणकाचे बरोबर असते. एकदा फोल्डेड कॅस्कोड या प्रकारच्या एका ऑप-ॲम्पमध्ये मी सवयीने जी लांबी कमीत कमी ठेवत आलो होतो ती ऑप्टिमायझरने जवळजवळ दुप्पट केली, आणि दोन दिवस समीकरणे मांडल्यावर मला दिसले की त्या नोडवरचा पोल मुळात इतका दूर होता की मी वर्षानुवर्षे गेन उगाच सोडून देत होतो. त्या दोन दिवसांनंतर मी ते सर्किट हाताने मांडतानाही वेगळे मांडू लागलो. तुमच्या प्रकल्पाच्या अहवालात अंतिम मापांच्या तक्त्याबरोबर असा फरक आणि त्याचे कारण दाखवणारा एक रकाना अवश्य ठेवा. परीक्षक म्हणून मला बसवले तर मी प्रथम तोच वाचेन.